फिनलंडची पूक्को: शिकाऱ्याची सुरी भट्टीत कशी घडते

फिनलंडमधल्या शिकाऱ्याच्या कमरेची पूक्को म्यानातून काढून हातात घेतली, तर आधी थोडा हिरमोडच होतो. सिनेमातल्या शिकारी सुऱ्यांना असतात तसे पाठीवर करवतीचे दाते नाहीत, मुठीपाशी बोटं अडवणारी आडवी पट्टी नाही, पातं वीतभरही नाही. आठ ते अकरा सेंटिमीटरचं, जवळजवळ सरळ पाठीचं पातं आणि साधारण तेवढीच लाकडी मूठ, एवढाच संसार. आपल्या घरात कांदा चिरायची सुरी याहून मोठी निघेल.

पण फिनलंडची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास आणि त्यात शिकारीची वार्षिक फी भरणारे सुमारे ३ लाख, म्हणजे ही शोभेची वस्तू नक्कीच नाही. तिथला शिकारी सुरीने जनावर मारत नाही. ते काम बंदुकीचं. सुरीचं काम त्यानंतर सुरू होतं. पोट उघडायचं, आतडी काढायची, कातडं सोलायचं, मग शेकोटीसाठी लाकडाच्या ढलप्या काढायच्या, मासा साफ करायचा, पाव कापायचा. यात लांब पातं अडचणीचंच. जनावराचं पोट उघडताना कातडी चिरली पाहिजे पण आतलं आतडं फुटता कामा नये, नाहीतर मांस खराब. त्यासाठी टोक नेमकं कुठे आहे हे न बघता बोटाला कळावं लागतं, आणि ते छोट्या पात्यातच कळतं.

पश्चिमेकडच्या दक्षिण ऑस्ट्रोबोथ्निया भागातलं काउहावा हे सुऱ्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. ईसाक्की यार्वेनपा यांनी १८७९ मध्ये तिथे धंदा सुरू केला आणि घोड्याच्या डोक्याची मूठ असलेली त्यांची पूक्को नावाजली गेली. उत्तरेत रोव्हानिएमीला मार्तीनीचा सुऱ्यांचा कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला. कारखान्यात तयार झालेल्या सुऱ्या मुबलक मिळतात, तरी भट्टीपुढे उभं राहून एकेक पातं घडवणारे लोहार तिथे आजही आहेत.

हातघडणीची सुरी म्हटलं की डोळ्यांपुढे हातोड्याचे घाव येतात. ठोकून ठोकून पोलाद घट्ट होतं, म्हणून हातघडणीची सुरी भारी, असंही सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. पोलाद ठोकून दाट होत नसतं. हातोडा देतो तो आकार. सुरी धार धरेल की नाही, वाकेल की तुटेल, हे सगळं आचेवर ठरतं: किती तापवली, किती वेगाने निववली, परत किती शेकली. त्याच पोलादाच्या पट्टीतून मशिनने कापलेलं पातं नीट आच देऊन तयार केलं, तर ते घडवलेल्या पात्याइतकंच छान कापतं. घडवण्याचा फायदा वेगळा आहे. पट्टीतलं पोलाद वाया न घालवता हवं तिथे जाड, हवं तिथे पातळ नेता येतं. पूक्कोच्या अनेक जुन्या पात्यांची जाडी मधोमध जास्त आणि पाठीकडेही कमी होत गेलेली असते. हा आकार हातोड्याखाली सहज निघतो.

आता पोलादाकडे वळू. शुद्ध लोखंड मऊ असतं. त्यात कार्बन मिसळला की स्वभाव बदलतो, आणि फार थोडा कार्बन पुरतो. खिडकीच्या गजाच्या लोखंडात पाव टक्क्याच्या आतबाहेर असतो. असा गज लाल करून पाण्यात बुडवला तरी धार धरण्याइतका कडक होत नाही. बिडाच्या तव्यात २ टक्क्यांहून जास्त, म्हणून तो हातोडा सोसत नाही, पडला की फुटतो. सुरीचं पोलाद या दोन्हींच्या मधलं, साधारण ०.६ ते १ टक्का किंवा थोडं वर. हातघडणीच्या पूक्कोसाठी '८०सीआरव्ही२' या नावाचं पोलाद आज लोकप्रिय आहे: ०.८ टक्का कार्बन, जोडीला चिमूटभर क्रोमियम आणि व्हॅनेडियम. जुनी कानस किंवा बेअरिंगचं पोलादही चालतं. पूर्वी चांगलं पोलाद महाग असायचं, तेव्हा मऊ लोखंडाच्या मध्ये पोलादाची पातळ पट्टी घालून तिन्ही भट्टीतच ठोकून जोडत, म्हणजे महागडा माल धारेपुरताच लागायचा.

आपल्याकडे रस्त्याकडेला पाल ठोकून विळे, कोयते, खुरपी बनवणारी घिसाडी कुटुंबं ट्रकचे जुने पाटे वापरतात. त्यात कार्बन साधारण अर्धा ते ०.६ टक्के. ऊसतोडीच्या कोयत्याला हेच पोलाद योग्य, कारण कोयत्याने दिवसभर आघात सोसायचे असतात आणि धार बोथटली तर दगडावर घासून पुन्हा लावता येते. पूक्कोला आघात कमी, पण बारीक धार जास्त वेळ टिकायला हवी. म्हणून तिला कार्बन जास्त. भंगारातलं पोलाद म्हणजे कमअस्सल असं नाही, कामाला साजेसं असलं की झालं.

भट्टी कोळशाची असो वा गॅसची, लोहार थर्मामीटरकडे नाही, रंगाकडे बघतो. अंधुक लाल म्हणजे साधारण ६५० ते ७०० अंश सेल्सिअस, लालबुंद म्हणजे ७५० ते ८००, नारिंगी ९०० च्या पुढे, पिवळं १०५० च्या वर. लोहारशाळा मुद्दाम अंधारी ठेवतात ती याचसाठी. भर उन्हात ७०० आणि ८०० मधला फरक दिसतच नाही. ठोकायचं ते नारिंगी-पिवळ्यावर. अंधुक लालीवर ठोकत राहिलं तर पातं चिरतं. उलट पांढरं होऊन फुलबाज्या उडू लागल्या तर पोलाद जळलं. त्यावर इलाज नाही, तेवढा तुकडा कापून टाकायचा.

चार-पाच मिलिमीटर जाड पट्टीचा एक कोपरा ठोकून आधी टोक काढतात. मग मुठीत शिरणारा भाग ओढून निमुळता करतात. त्याला इथे शेपूट म्हणू. नंतर धारेची बाजू पातळ करायची, आणि इथे एक गंमत आहे. धारेकडचं पोलाद ठोकून पातळ केलं की ते नुसतं पातळ होत नाही, लांबतंही. पाठ मात्र तेवढीच राहते. परिणामी अख्खं पातं पाठीकडे वाकत जातं आणि टोक वर उचललं जातं. नवशिक्याची पहिली सुरी हमखास तलवारीच्या वळणावर जाते ती यामुळे. जाणता लोहार धार ठोकायच्या आधीच पातं उलट्या बाजूला, धारेकडे, वाकवून ठेवतो. बघणाऱ्याला वाटतं याने काम बिघडवलं. मग तो धार पातळ करत जातो आणि प्रत्येक तापाला पातं थोडं थोडं सरळ होत शेवटी हव्या त्या रेषेत येतं.

तापलेल्या पोलादावर काळे पापुद्रे धरतात आणि घावागणिक ऐरणीवर झडतात. हवेशी संबंध आल्याने वरच्या थरातला कार्बनही जळून जातो. म्हणून पातं घडवताना धार कधीच पूर्ण पातळ करायची नाही, मिलिमीटरभर जाडी ठेवायची. वरचा निकामी थर पुढे घासून जाणार असतो.

इतक्या वेळा तापल्यामुळे पोलादाच्या आतले स्फटिककण मोठे झालेले असतात, आणि मोठ्या कणांचं पोलाद ठिसूळ. ते बारीक करायला पातं लालबुंद तापवून नुसतं हवेत निवू देतात, असं साधारण तीनदा, दर वेळी आच थोडी कमी. दिसायला यात काहीच घडत नाही, म्हणून घाईत हीच पायरी गाळली जाते. आणि पुढे पातं तुटलं की दोष पोलादाला.

त्यानंतर पाणी द्यायची वेळ येते. आपले लोहार ज्याला पाणी देणं म्हणतात तेच, म्हणजे तापलेलं पातं झटकन थंड करणं, फक्त इथे बहुतेकदा तेल वापरतात. आत काय होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

लोखंडाचे अणू ठरावीक रचनेत बसलेले असतात. थंड लोखंडाच्या रचनेत कार्बनच्या अणूला जवळजवळ जागा नसते. सुमारे ७२७ अंशांच्या वर ती रचनाच बदलते आणि नव्या रचनेत कार्बन विरघळतो. आता हे पोलाद सावकाश निवू दिलं तर रचना पूर्ववत होताना कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो, तो लोखंडाशी संयोग पावून वेगळे थर करतो आणि पोलाद मऊ राहतं. पण झटकन थंड केलं तर कार्बन आतच अडकतो. रचनेला जुन्या रूपात जायचं असतं पण मध्ये कार्बन बसलेला, त्यामुळे ती ताणलेल्या, तिरकस अवस्थेत गोठते. हा ताण म्हणजेच कडकपणा. या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात. आडोल्फ मार्टेन्स (१८५०–१९१४) या जर्मन संशोधकाच्या नावावरून.

म्हणजे लोहाराला दोन गोष्टी साधायच्या: पातं त्या सीमेच्या पुरेसं वर न्यायचं, पण फार वर नाही, नाहीतर कण पुन्हा मोठे. यंत्राशिवाय हे कळायला चुंबक कामी येतो. लोखंड ७७० अंशांच्या पुढे चुंबकाला दाद देत नाही. दोरीला बांधलेला चुंबक पात्याला चिकटायचा थांबला की समजायचं, जवळ आलो, अजून छटाभर आच हवी. ८०सीआरव्ही२ ला साधारण ८१५ ते ८४० अंश पुरतात. अंधारात नीट बघितलं तर आणखी एक खूण दिसते. पातं तापत असताना त्यात काळसर सावल्या हलताना दिसतात, पातळ धारेकडून जाड पाठीकडे सरकत जातात. रचना बदलायला उष्णता लागते, ती जिथे खर्च होत असते तिथलं पोलाद क्षणभर मागे राहतं, शेजारच्यापेक्षा काळं दिसतं. शेवटची सावली विरली आणि रंग टोकापासून शेपटापर्यंत एकसारखा झाला, की पातं तयार. टोक पातळ असल्याने तेच आधी जास्त तापतं, म्हणून लोहार पातं आचेत सतत मागेपुढे करत राहतो.

मग तेल. ते आधी ५०–६० अंशांपर्यंत कोमट केलेलं असतं. थंड तेल दाट असतं, पात्याभोवती खेळत नाही. कोमट तेल जास्त वेगाने उष्णता ओढतं. पाणी का नाही? पाणी याहूनही वेगाने थंड करतं. साध्या कार्बन पोलादाला कधीकधी तेच लागतं, पण क्रोमियम असलेल्या पोलादाला तेवढी घाई नको. शिवाय पाण्यात वाफेचे फुगे पात्याला कुठे चिकटतात, कुठे नाही, त्यामुळे एक जागा लवकर निवते, दुसरी उशिरा. मार्टेन्साइट होताना पोलाद किंचित फुगतं. अर्धं पातं फुगलं आणि अर्धं अजून नाही, की बारीक 'टिक' असा आवाज येतो. तो आवाज कोणत्याच लोहाराला आवडत नाही, कारण पातं तडकलेलं असतं. तेलातही पातं उभं, टोकाकडून घालतात आणि धार-पाठ याच दिशेत पुढेमागे हलवतात. आडवं हलवलं तर एक बाजू आधी निवते आणि पातं केळं होतं.

बाहेर काढल्यावर काही सेकंदांची मुभा असते. सुमारे २०० अंशांच्या वर बराचसा मार्टेन्साइट अजून व्हायचा असतो, म्हणून जाड हातमोजे घालून किंचित वाकलेलं पातं हातानेच सरळ करता येतं. ती संधी गेली की तेच पातं वाकवायला जाल तर दोन तुकडे. पूर्ण निवल्यावर धारेवर कानस चालवून बघतात. कानस चावली, म्हणजे कडक झालंच नाही, पुन्हा भट्टीत. नुसती घसरली, म्हणजे जमलं.

पण हे पातं अजून वापरायच्या लायकीचं नाही. या क्षणी ते थंड झालेल्या चिक्कीच्या वडीसारखं आहे: कडक खरं, पण फरशीवर पडलं तर तुकडे. रॉकवेल मापावर कडकपणा ६४–६५ च्या घरात. म्हणून ते लगेच, त्याच दिवशी, पुन्हा शेकायचं, या वेळी अगदी मंद. २०० अंशांना दोन तास, निवू द्यायचं, परत दोन तास. घरातला केक भाजायचा ओव्हनसुद्धा चालतो, फक्त त्याचा काटा खरं बोलतो की नाही हे वेगळ्या थर्मामीटरने तपासायचं. अडकलेला थोडा कार्बन यात सुटतो, ताण कमी होतो, कडकपणा ६० च्या आसपास येतो आणि बदल्यात चिवटपणा मिळतो. ओव्हन नव्हते तेव्हा लोहार पातं घासून चकचकीत करायचे आणि मंद आचेवर त्याचा रंग बघायचे. २१०–२२० अंशांना फिका पिवळा, २४० ला गडद पिवळा, मग तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. हे रंग म्हणजे पृष्ठभागावर धरलेला ऑक्साइडचा अतिशय पातळ पडदा. सुरीला पिवळ्यावर थांबायचं. शेपटाला मात्र मुद्दाम निळ्याच्याही पुढे नेतात, कारण ते शेवटी ठोकून बसवायचं असतं, तिथे मऊपणाच हवा.

यानंतर घासकाम, आणि आच इथेही पाठ सोडत नाही. फिरत्या पट्ट्यावर पातं घासताना दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवावं लागतं. एकदा जरी धारेवर निळी झाक आली, तर तेवढी जागा मऊ पडली, पुढे कितीही धार लावा, टिकणार नाही. सायकलवर चाक बसवून सुऱ्यांना धार लावणारे येतात तेव्हा ठिणग्यांचा फवारा बघायला मजा येते, पण चांगली सुरी त्या कोरड्या चाकावर द्यायला माझा जीव होत नाही.

पूक्कोच्या पात्याला दोन्ही बाजूंनी एकच सपाट उतार असतो, तो सरळ धारेपर्यंत जातो; दोन्ही मिळून कोन साधारण २० ते २५ अंश. त्यामुळे धार लावताना कोन सांभाळायची कसरत नाही. उतार दगडावर सपाट टेकवायचा आणि घासायचं, बस. लाकूड तासायलाही हा उतार फार सोयीचा. हाडावर मात्र अशी बारीक धार कधी कधी टवके उडून दातेरी होते, म्हणून शिकारीसाठी वापरणारे अगदी टोकाला केसभर जास्त कोनाची धार ठेवतात.

मूठ बर्च या झाडाच्या लाकडाची. त्यातही नक्षीदार गाठींचं, तपकिरी ठिपक्यांचं विसाकोइवू हे बर्चचंच एक रूप सर्वात मानाचं. ते सावकाश वाढतं आणि चक्क किलोवर विकलं जातं. लाकूड आधी नीट वाळलेलं हवं, नाहीतर मूठ बसवल्यावर आकसते आणि मुठीच्या तोंडाशी असलेल्या पितळी पट्टीपाशी फट पडते. ठोकळ्याला आरपार भोक पाडून त्यात शेपूट घालतात. जुनी पद्धत अशी की शेपूटच तापवून लाकडात दाबायचं, ते आपली जागा स्वतः जाळून घेतं. अर्थात पातं ओल्या फडक्यात गुंडाळून, नाहीतर एवढी मेहनत घेऊन दिलेली आच वाया. मागच्या टोकाला पितळी चकती, तिच्यातून बाहेर आलेलं शेपटाचं टोक ठोकून चपटं करायचं, की मूठ पक्की. हल्ली आत इपॉक्सी हा चिकट गोंदही ओततात.

धातू असा पूर्ण लाकडाच्या पोटात ठेवण्यामागे हवामान आहे. उणे वीस अंशांत उघड्या पोलादाला हात लावणं नको वाटतं; लाकूड तेवढं गार लागत नाही. बोटं अडवणारी पट्टी नसली तरी मूठ मध्ये फुगीर असल्याने हात जागेवर राहतो. शिवाय पूक्को कापायसाठी आहे, भोसकायसाठी नाही, त्यामुळे पट्टीची गरज क्वचितच.

बर्चच्या सालीच्या मुठी तर मला लाकडी मुठींहून आवडतात. सालीचे चौकोनी तुकडे कापायचे, प्रत्येकाला मधोमध चीर पाडायची आणि एकावर एक शेपटात ओवत जायचं. पेचात घालून ते घट्ट दाबले आणि मग तासून गोल केले, की मखमली पोताची मूठ तयार होते. हात ओला, रक्ताने माखलेला असला तरी ती निसटत नाही. आपली जुनी हस्तलिखितं ज्या भूर्जपत्रावर लिहिली गेली, तीही हिमालयातल्या बर्चचीच साल. आपल्याकडे मूठ बसवायची तर बाभूळ किंवा शिसम उत्तम.

लाकडाला जवसाचं तेल लावतात, क्रिकेटच्या बॅटला लावतात तेच. पातळ हात, पुसायचं, वाळू द्यायचं, परत लावायचं. तेल पुसलेली फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा केलेली फडकी आपोआप पेट घेतात. कारखाने जळाले आहेत असे. फडकं पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

म्यान चामड्याचं, ओलं असताना सुरीवर चढवून वाळवलेलं. आत पात्यापुरती लाकडी खोबण असते, म्हणजे धार चामडं कापत नाही. मूठही बरीचशी म्यानात जाते, त्यामुळे बर्फात धावतानाही सुरी पडत नाही. फिनलंडमध्येही सार्वजनिक ठिकाणी योग्य कारणाशिवाय सुरी बाळगायला २००३ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याने मनाई आहे. रानात जाणाऱ्याला, काम करणाऱ्याला अडचण नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच उरला नाही, तेव्हा अशी सुरी इथे लाकूडकामाची किंवा स्वयंपाकघरातली.

कार्बन पोलाद गंजतं, हे गृहीत धरूनच ती वापरायची. लिंबू, कांदा, टोमॅटो कापला की पात्यावर राखाडी-निळसर डाग येतात. ते घासून काढू नका, तो थर लाल गंजाला थोडा अटकावच करतो. काम झालं की धुवा, कोरडी पुसा, खाद्यतेलाचा बोट फिरवा. आणि पावसाळ्यात महिनोन्महिने म्यानात ठेवू नका; चामडं ओल धरतं, पातं आतल्या आत गंजतं. सुरी आणि म्यान वेगवेगळं, कोरड्या कपाटात.